रानसुरण आणि गिरजा

प्रयोग म्हटला की गिरजाच्या हातात जादू यायची. परीक्षानळी दिव्यावर किती तिरपी धरायची, आयोडीनचे थेंब कधी थांबवायचे, तिला एकदा दाखवलं की पुरे. पण लोकांसमोर बोलायची वेळ आली की तिची दातखीळ बसायची. बोलायला होती वैष्णवी. रामनगरच्या दुकानदाराची मुलगी, नववीला मामाकडे राहून शिकणारी, घडाघडा बोलणारी. वर स्वभावानं चांगली. गिरजाला तेच जास्त खुपायचं. पोरगी वाईट असती, तर निदान तिच्यावर मनमोकळं जळता तरी आलं असतं.

जोयड्याला तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन ठरलं. विषय होता रानातले कंद आणि त्यांतला स्टार्च. शिवानंद सरांनी कामं वाटली. "गिरजा कंद आणेल, धुऊन मांडेल. वैष्णवी कापून प्रयोग दाखवेल आणि बोलेल. नंबर आला तर वैष्णवी जिल्ह्याच्या प्रदर्शनाला कारवारला जाईल."

गिरजाच्या अंगाचा तिळपापड झाला. कंद आमचे, माती आमच्या नखांत, आणि मिरवणार ही. एकदा तरी कारवारला आपलं नाव जावं, एवढंच तिला हवं होतं.

आदल्या दिवशी तिच्या आईनं, फुलानं, पाटी भरून दिली. कणगी, कोनं असे रानातले कंद आणि तळाला रानसुरण. हा सुरण हाताला असा खाजतो की माणूस रडकुंडीला येतो. म्हणून गावातल्या बाया आधी भिरंडाची सोलं, म्हणजे कोकमं, भिजवतात आणि ते आंबट पाणी तळव्यांना चोळतात.

"बाय, ह्यो बाजारातला सुरण न्हाई," फुला म्हणाली. "सोलाचं पाणी लावल्याबिगर हात घालू नगंस. त्या पोरीलाबी सांग."

"सांगते," गिरजा म्हणाली, आणि तेव्हा ती खरंच सांगणार होती.

सकाळी जोयड्याला कंद मांडायच्या आधी तिनं सोलाच्या पाण्यानं स्वतःचे हात नीट चोळून घेतले. तेवढ्यात वैष्णवी आली. इस्त्रीचा गणवेश, नवा तक्ता, आणि सर तिच्यासाठी स्वतः खुर्ची सरकवतायत.

"गिरजा, कापताना काय सांभाळायचं हाय काय गं?" वैष्णवीनं विचारलं.

"न्हाई," गिरजा म्हणाली. "सुरी तेवढी धारेची हाय."

तिचा बेत एवढाच होता की जरा खाजेल, बोलताना ती अडखळेल. पण वैष्णवीनं मन लावून सुरण सोलला, मनगटापर्यंत माखून. परीक्षक बाई टेबलाशी येईपर्यंत तिचे तळवे लालबुंद होऊन सुजले होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सर गडबडले. "गिरजा, तू हो पुढे."

गिरजा पुढे झाली. तिनं चकतीवर आयोडीन सोडलं, चकती निळीकाळी झाली, आणि काय आश्चर्य, दातखीळ सुटली. स्टार्च, त्याची साठवण, आयोडीनचा रंग, सगळं तिनं न अडता सांगितलं. बाई खूश झाल्या.

"तुझ्या मैत्रिणीला एवढं खाजतंय," त्या म्हणाल्या, "आणि हे कंद तर तूही हाताळलेस. तुला कसं काही झालं नाही?"

उत्तर येत होतं. न येतं तर फार बरं झालं असतं. गिरजानं सांगितलं, "सुरणात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते कातडीत रुततात. आंबटानं त्यांचा त्रास कमी होतो. म्हणून मी... आधी सोलाचं पाणी लावलंय."

"शाब्बास," बाई म्हणाल्या, आणि पुढच्या टेबलाकडे वळल्या.

बादलीत हात बुडवून वैष्णवी मागेच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

संध्याकाळी पहिला नंबर जाहीर झाला आणि सरांनी कारवारसाठी गिरजाचं नाव दिलं. मुलं घरी निघाली तशी वैष्णवी जवळ आली. "तुला म्हाईत होतं," ती म्हणाली.

"व्हय," गिरजा म्हणाली. आता ही सरांना सांगणार, नाव कापलं जाणार, आणि तेच बरं, असं तिला वाटलं.

वैष्णवीनं कुणालाच सांगितलं नाही. मामानं विचारलं तेव्हा म्हणाली, माझंच चुकलं, मी न विचारता कापलं. कारवारला जायच्या दिवशी तिनं आपला तक्ताही गिरजाच्या हातात दिला, खालचं स्वतःचं नाव खोडून. गिरजा जीपमध्ये खिडकीशी बसली. जन्मात कुणाचा केला नसेल एवढा हेवा तिला त्या वेळी वैष्णवीचा वाटला.