खंडेनवमीला बंद केलेला सर्व्हर

यशोधराताई कर्जतची. आई गीताबाई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची, त्यावर ही बी.एस्सी. झाली. नव्व्याण्णव साली नगरच्या आमच्या कॉलेजात इंटरनेटची लाईन आली, तेव्हा सर्व्हर कशाशी खातात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ताई एक जाडजूड झेरॉक्स केलेलं पुस्तक घेऊन दोन महिने त्या मशीनसमोर बसली आणि कॉलेजची वेबसाइट तिनं एकटीनं उभी केली. ताई तिथली कॉम्प्युटर लॅब सांभाळायची, मी तिच्या हाताखाली मदतनीस. "रोहिणे, नुसती फरशी काय पुसतीस? इकडं बस, हे शीक," म्हणत मलाही धरून शिकवलं.

त्या दसऱ्याला ती आईला घेऊन नागपूरला, दीक्षाभूमीवर निघाली. जाताना म्हणाली, "पुण्याच्या कंपनीचे साहेब नवमी-दसऱ्याला आपली साइट बघणार हायेत. आवडली तर मला नोकरी. मग आईचं खुरपं सुटंल. काही झालं तरी मशीन चालू राहू दे."

"व्हय ताई, तुमी बिनघोर जावा."

आणि दुसऱ्याच दिवशी कुठली अवदसा आठवली मला! खंडेनवमी होती. आमच्या नेवाशाकडं त्या दिवशी विळ्या-कोयत्यापासून शिलाई मशीनपर्यंत सगळं पुजून ठेवतात, कशालाच राबवत नाहीत. म्हटलं, हे बिचारं महिनोन्महिने चालूच हाय, एका दिवसानं काय बिघडतंय? ताईनं शिकवलं होतं तसं माझ्या नावानं आत शिरून, नीट आज्ञा देऊन बंद केलं. हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. दसऱ्याला कॉलेजला सुट्टी, म्हणून तिसऱ्या दिवशी येऊन सुरू केलं.

ताई परत आली त्या दुपारीच पुण्याहून फोन आला. दोन्ही दिवस साइट उघडली नव्हती. ज्यांना सर्व्हर चालू ठेवता येत नाही, त्यांना घेऊन आम्ही काय करू, म्हणाले. ताईनं फोन ठेवून मशीनवरच्या सुकलेल्या झेंडूकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"लाईट गेल्ती," मी म्हणाले. जीभ झडली नाही माझी!

"बरं," एवढंच ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात तिनं नवा धडा काढला. मशीन आपली नोंद आपणच ठेवतं, ती वाचायची कशी. "लाईट गेली तर ते अचानक बंद पडतं, तसं लिहितं. कुणी हातानं बंद केलं तर त्याचं नाव लिहितं." तिचं बोट पडद्यावर खाली खाली सरकत गेलं. नवमी, सकाळचे सव्वादहा, आणि पुढं माझं नाव.

"आता पुढचं बघ," ती म्हणाली आणि शिकवत राहिली.

तेव्हाच पाय धरायला काय धाड भरली होती मला? रोज ठरवायची, आज सांगते. वर्ष गेलं. गीताबाई अजून खुरपायला जातच होत्या.

पुढच्या दसऱ्याला नागपूरला निघताना ताईनं पिशवीतून झेंडूचं फूल काढून माझ्या हातावर ठेवलं.

"चालू असतानाच वाहा," ती म्हणाली.