एकोणीस-वीसचा फरक

त्याला सगळे मिलिमीटर म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, तेवढंच. एकतीस वर्षं वायरिंगचं काम केलेला माणूस, पण वायर सोलताना अजूनही फूटपट्टी काढायचा. जोडलेली प्रत्येक वायर हाताने ओढून पाहायचा, सुटत नाही ना म्हणून. ही खोड घरीही सुटली नव्हती. दाराची कडी लावली की दोनदा ओढायचा, आणि बायको म्हणायची, "आणखी एकदा ओढा, म्हणजे कडी हातातच येईल आणि तुमच्या जिवाला शांतता लाभेल."

एका पाच मजली ऑफिसच्या तळघरात त्याला नवा कंट्रोलर बसवायचा होता. कंट्रोलर म्हणजे जाड पुस्तकाएवढा डबा; इमारतीतले पंप, पंखे, दिवे, गार हवेची यंत्रं कधी चालू करायची नि कधी बंद, हे तो ठरवणार. पण त्याला अक्कल बाहेरून घालावी लागते. ती घालणारी माणसं दूरच्या शहरात संगणकापुढे बसलेली असतात.

"प्रोग्राम करणाऱ्या मॅडम परवा दुपारी फोनवर येतील," सुपरवायझर म्हणाला. "तुमच्याच आडनावाच्या आहेत. नात्यातल्या का?"

"आडनावं काय, ढिगाने असतात," असं म्हणून मिलिमीटर खाली वाकला आणि पडलेला स्क्रू शोधू लागला. स्क्रू पडलेलाच नव्हता.

ती त्याची मुलगी होती. चार वर्षांत त्याने तिचा आवाज ऐकला नव्हता. म्हणजे ऐकला होता, दर रविवारी, बायकोच्या फोनमधून, स्वयंपाकघराच्या दाराआडून. शब्द कळायचे नाहीत, नुसता आवाज.

लहानपणी ती त्याच्या मागे मागे कामावर यायची. कुठली वायर कुठे निघते हे शोधायला एका टोकाला बॅटरी घेऊन तो, दुसऱ्या टोकाला छोटा दिवा घेऊन ती. "लागला का गं?" "लागला रे, बाबा! तू पुढची लाव!" इतर मुली वडलांना अहो-जाहो करत, हिचा बाबा कायम 'तू'च होता, आणि त्याला त्याचा कोण अभिमान.

ती शिकून तयार झाली तेव्हा त्याने नोकरी सोडून स्वतःचं दुकान काढायचं ठरवलं आणि तिला न विचारताच पाटी रंगवून आणली. त्याचं नाव, पुढे 'आणि कन्या'. ती म्हणाली, मला वायरी ओढायच्या नाहीत, प्रोग्राम लिहायचेत, आणि दुसऱ्या शहरात नोकरी लागली आहे. त्याच्या डोक्यात तिडीक गेली. "जा. पण या घरातलं तुझं कनेक्शन काढलं समज." रागात माणूस वाट्टेल ते बोलून जातो. पण पोर त्याच्याच हाताखाली वाढलेली. काम करताना मेन स्विचला कुलूप घालायचं आणि ज्याने घातलं त्यानेच ते काढायचं, दुसऱ्याने बोटही लावायचं नाही, हे तिला त्यानेच शिकवलेलं. तिने बोट लावलं नाही. आणि हा शहाणा चार वर्षं किल्ली खिशात घेऊन फिरत होता. म्हणे, आधी तिने फोन करावा!

तर त्याने दोन दिवस मन लावून काम केलं. मेन बंद, त्याला कुलूप. टेस्टर आधी चालू वायरीवर लावून तो धड आहे ना बघायचं, मग बंद वायरीवर, मग पुन्हा चालूवर. अर्थिंग सगळ्यांत आधी. मेनच्या जाड वायरी डावीकडून, तापमान वगैरे मोजणाऱ्या सेन्सरच्या बारीक उजवीकडून. दोन्ही जवळ आल्या की कंट्रोलर भलतंच काहीतरी ऐकतो. प्रत्येक वायरीच्या टोकाला आकड्याचं कडं. इतकं देखणं काम त्याने पूर्वी कधी केलं नव्हतं. झालेल्या कामाचे फोटो तिच्याकडे जाणार होते ना.

तिसऱ्या दिवशी त्याने कुलूप काढलं, वीज आली, आणि बरोबर तीनला फोन वाजला.

"नमस्कार. बत्तीस पॉइंट आहेत, एकेक तपासून घेऊ. तुम्ही तयार आहात?"

तुम्ही! "हो," एवढंच तो म्हणाला. पलीकडे तिने घसा खाकरला. मग, "एक नंबर?"

त्याने पंपाचं बटण दाबलं. "दाबलं."

"सिग्नल आला. दोन?"

तिचा आवाज थोडा जाड झाला होता. त्याला विचारायचं होतं, जेवलीस का, खोलीत हवा खेळती आहे का, अजून रागावली आहेस का. पण मध्ये आकडे येत होते आणि एकही चुकत नव्हता. निदान तासभर तरी आवाज कानावर पडेल असं त्याने धरलं होतं. दहा मिनिटांत अठरा झाले! ज्या सफाईची आयुष्यभर शेखी मिरवली तीच मुळावर उठली. आणखी सात-आठ मिनिटं, मग 'धन्यवाद', मग पुन्हा ते स्वयंपाकघराचं दार.

"एक मिनिट हं, पाणी पिऊन येते," ती म्हणाली.

त्या एका मिनिटात मिलिमीटरने जे केलं ते एकतीस वर्षांत केलं नव्हतं. एकोणीस आणि वीस हे दोन तापमानाचे सेन्सर होते. मेनच्या बाजूला त्याने जीव गेला तरी खेळ केला नसता. पण या बारीक वायरींनी कुणाच्या केसालाही धक्का लागणार नव्हता. त्याने त्यांचा प्लग ओढून काढला, दोन्ही जोड्यांची अदलाबदल केली, स्क्रू आवळले, प्लग परत बसवला. आणि सवयीने त्या चुकीच्या वायरीही ओढून पाहिल्या. काम पक्कं झालं होतं.

"हं, एकोणीस. मीटिंगची खोली..." ती थांबली. "एकोणचाळीस डिग्री. वीस, गच्ची... चोवीस."

बाहेर ऊन रणरणत होतं. गच्ची गार आणि गार हवेची खोली तापलेली, हे शेंबड्या पोरालाही पटलं नसतं.

"उलट्या लागल्यात वाटतं," तो चाचरत म्हणाला. "एकोणीस-वीसचा फरक."

फोन कट झाला की काय म्हणून त्याने कानापासून काढून पाहिला. सेकंद पळत होते.

"तुझ्या हातून?" ती म्हणाली. आणि मग अगदी हळू, "तुझ्या हातून वायर उलटी लागली, बाबा?"

"चुकलंच गं माझं," तो म्हणाला. "चार वर्षांपूर्वीच चुकलं."

नाक ओढल्याचा आवाज आला. त्याने पॅनलच्या दाराला घट्ट धरून ठेवलं होतं.

"नीट करून घे," ती शेवटी म्हणाली. "मी थांबते लाइनवर. किती वेळ लागेल?"

दोन जोड्यांचं काम. डोळे मिटून दोन मिनिटांत झालं असतं, आणि हे त्या दोघांइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"तासभर तरी लागेल," मिलिमीटर म्हणाला.

"लागू दे," ती म्हणाली.