मौनात वाजलेला फोन

अण्णांनी माझ्या कानाशी धरलेला फोन हिसकावून घेतला. चाळीसेक माणसांसमोर. बंद केला आणि स्वतःच्या सदऱ्याच्या खिशात टाकला. मग मान खाली घालून, डोळे मिटून पुन्हा उभे राहिले. शहिदांसाठी मौन चाललं होतं.

शेजारून एक बाई पुटपुटल्या, "या लोकांना कशाचं काही नसतं."

या लोकांना म्हणजे मला. इंदिरानगरातल्या त्या सोसायटीचे जिने मी अकरा वर्षं झाडते. अण्णा तिथले सेक्रेटरी. माझ्या धाकट्या भावाचा भरतीचा फॉर्म त्यांनीच भरून दिला होता. तो फौजेत लागला तेव्हा सायखेड्याहून, माहेराहून, पेढे आणून मी सगळ्यात आधी त्यांच्या हातावर ठेवले. दर राखीला त्यांना राखी बांधायचे. ते म्हणायचे, "तू घरातलीच आहेस." मी ते खरं धरून चालले. आता त्याची लाज वाटते.

त्या दिवशी सकाळी टीव्हीवर बातमी आली. जवानांच्या गाड्यांवर हल्ला. भाऊ त्याच भागात होता. फोन लागेना. दहा वेळा लावला, वीस वेळा लावला. तिकडे आई न जेवता ओट्यावर बसून होती. मी अण्णांकडे गेले.

"अण्णा, माझा भाऊ तिकडंच हाय. आईकडं जाते मी."

"काही होत नाही, देव आहे ना," ते म्हणाले. "संध्याकाळी श्रद्धांजली ठेवलीय. पार्किंग धुऊन घे, खुर्च्या लाव. कार्यक्रम झाला की जा."

मी थांबले. ही माझी चूक. त्यांच्या शब्दाला मान देऊन थांबले. पार्किंग धुतलं, खुर्च्या मांडल्या, झेंडूचे हार ओवले. भाऊ आहे की गेला ठाऊक नाही, आणि मी गेलेल्या जवानांसाठी हार ओवतेय. सुई दोनदा बोटात घुसली. कार्यक्रम सुरू झाला तेव्हा मी मागे खांबापाशी उभी होते, अण्णाही तिथंच. फोन मुठीत.

मौन सुरू झालं आणि फोन वाजला. अनोळखी नंबर. मी उचलला. कुठलीही बहीण उचलेल. पलीकडून इतकंच ऐकू आलं, "हॅलो, ताई..." आवाज खरखरत होता. भावाचा की त्याच्या सोबत्याचा, कळलं नाही. त्याचे सोबतीही मला ताईच म्हणायचे. वाईट बातमी असली तर सोबतीच सांगणार, एवढं मला कळत होतं. तेवढ्यात अण्णांचा हात आला.

मौन संपलं. मला वाटलं, आता देतील. विसरले असतील. मी इतकी खुळी, तेव्हाही त्यांचीच बाजू घेत होते. अण्णा माइकपाशी गेले. "शहिदांच्या बहिणींचं दुःख आपण आपलं मानलं पाहिजे," ते म्हणाले. आवाज भरून आला होता. पुढच्या रांगेतल्या बायका डोळे पुसत होत्या.

तिथं माझं डोकं फिरलं. खुर्च्यांमधून मी सरळ पुढे गेले.

"फोन द्या."

माइकवर हात ठेवून ते दबक्या आवाजात म्हणाले, "दोन मिनिटं कळ काढ."

"तुमची दोन मिनिटं मघाशीच झाली. माझा भाऊ हाय का गेला, ते मला कळू द्या."

ते पुन्हा माइककडे वळले. मी त्यांच्या खिशात हात घातला आणि माझा फोन काढून घेतला. कुणीतरी "अगं, अगं" म्हणालं. मी मागे वळून पाहिलं नाही.

गेटबाहेर जाऊन फोन चालू केला आणि त्या नंबरवर लावला. भाऊच होता. दुसऱ्याच्या फोनवरून बोलत होता. बराकीत त्याच्या शेजारच्या खाटेवर झोपणारा पोरगा गेला होता. तो एकदा सुट्टीत आमच्याकडे येऊन आईच्या हातचं पिठलं मागून मागून खाऊन गेलेला. मी रस्त्याच्या कडेला बसले आणि मोठ्यानं रडले. आतून घोषणा ऐकू येत होत्या.

पंधरा दिवसांनी अण्णा जिन्यात भेटले. जणू काही झालंच नव्हतं. "सव्वीस जानेवारीला भाऊ सुट्टीवर असेल तर घेऊन ये. सत्कार करू. शाल, श्रीफळ. आपल्या सोसायटीचाच मुलगा तो."

"सोसायटीचा नाय. माझा भाऊ हाय," मी म्हणाले. "नाय यायचा तो."

"मनात धरलंस होय?"

"धरलं."

काम मी सोडलं नाही. मी कुणाच्या उपकारावर तिथं नाही, माझ्या हातांवर आहे. भाऊ म्हणतो, "जाऊ दे ताई, मोठी माणसं हायेत." मी जाऊ देणार नाही. माझा भाऊ मी त्यांना मिरवायला देणार नाही. तो जिवंत आहे तोवर नाही. आणि उद्या त्याचं काही बरंवाईट झालं, तर त्याचा फोटोही मी त्यांच्या श्रद्धांजलीच्या टेबलावर ठेवू देणार नाही.