कॉम्प्युटर शनिवारीच का मरतो

आमच्या घरातला कॉम्प्युटर फक्त शनिवारी मरायचा.

सोमवार ते शुक्रवार तो ठणठणीत. रविवारीही काही व्हायचं नाही. शनिवारी संध्याकाळी मात्र मी खेळायला बसले, की तासाभरात स्क्रीन काळी! ना इशारा, ना एरर. आजारी माणूस जाताना निदान घोटभर पाणी तरी मागतो, हा तसाच जायचा. (रविवारी सकाळी बटण दाबलं की पुन्हा हजर. काल काही झालंच नाही, असा चेहरा करून.)

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, आणि तेच मला सगळ्यात अवघड जातं. मी फार बोलत नाही. पाहुणे आले की मी "नमस्कार" म्हणते, आणि तिथे माझा साठा संपतो. लग्नकार्यात बायका माझ्याकडे बघत आईला विचारतात, "ही बोलते का?" आई म्हणते, "इंग्लिश मीडियमची आहे." बायका मान डोलावतात, जणू आजाराचं नाव कळलं.

पण कानावर हेडफोन चढला की मी वेगळीच. आमची पाच जणांची टीम होती, बंदुका घेऊन धावायचा खेळ होता, आणि कॅप्टन मी होते! "डावीकडून घे! ओंकार, भिंतीमागे काय बसलायस, मांडवात आलायस का?" असं मी डोंबिवलीच्या ओंकारला ओरडून सांगायचे आणि तो मुकाट्याने पळायचा. शेजारच्या पलंगावर आजोबा दचकून उठायचे.

"सुनबाई, ही आपलीच चेडू ना गो?"

आई आतून म्हणायची, "आपलीच आहे हो. शनिवारची."

हा कॉम्प्युटर मी स्वतः बांधला होता. पगारातून एकेक भाग आणला आणि व्हिडिओ बघून जोडला. त्यामुळे मशीन या विषयात घरात माझा शब्द शेवटचा, असं मी ठरवून टाकलं होतं. सुरुवातीला एकच अडचण आली. भोईवाड्यातली आमची चाळ पाडून तिथे टॉवर झाला आणि आम्ही सतराव्या मजल्यावर आलो, तरी जागा तेवढीच राहिली, फक्त उंच झाली. कॉम्प्युटरची गरम हवा थेट आजोबांच्या पलंगावर यायची.

"माझे पाय भाजतत गो!"

मग मी माझं तांत्रिक डोकं चालवलं. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये प्लायवूडचं पार्टिशन होतं. सुताराला बोलावून त्यात खाली चौकोनी भोक पाडलं, जाळी बसवली आणि कॉम्प्युटरची पाठ त्या जाळीला लावली. पुढून थंड हवा आत, मागून गरम हवा बाहेर. बाहेर म्हणजे नक्की कुठे, याचा विचार मी केला नाही. माझ्या बाजूला नाही, एवढं मला पुरेसं होतं. "याला एअरफ्लो म्हणतात," मी आईला सांगितलं. आईने जाळीपुढे हात धरून बघितला आणि पहिल्यांदाच माझ्या कामाला मनापासून दाद दिली. "छान येते गं हवा!"

त्याच सुमारास आई बदलली.

त्याआधी ती माझ्या खेळावर फक्त एकच मत द्यायची: "डोळे जातील." नव्या घरात तर तिचा जीवच रमत नव्हता. थंडीच्या दिवसांत सतराव्या मजल्यावर जो वारा सुटायचा, त्याच्याशी तिचं कडाक्याचं भांडण होतं. "इथे ऊबच नाही मेली," म्हणत ती खिडक्या लावत फिरायची. पण पार्टिशन झाल्यावर शनिवार आला, की तीच विचारू लागली, "आज मॅच आहे ना?"

"आहे."

"मोठी आहे ना? लवकर नाही ना संपणार?"

"दोन-तीन तास."

"खेळ गं. आठवडाभर राबतेस. आणि तो कोडी सोडवायचा गेम नको हं. मारामारीचाच खेळ."

माझा ऊर भरून आला. मी टीमला अभिमानाने सांगितलं, "माझी आई खूप सपोर्टिव्ह आहे." ओंकारने मोठा उसासा टाकला. त्याच्या घरी त्याचा माऊस कपाटात कुलपात असायचा.

कीर्ती पसरत होती. समोरच्या दारातल्या परब काकू लिफ्टमध्ये मला गाठून म्हणाल्या, "शनिवारी खेळणार ना गं नक्की?" मी मान हलवली. आजवर मला कुणी लिफ्टमध्ये काही विचारलं नव्हतं! त्या आनंदात मी रविवारी नाश्त्याला आंबोळ्या जास्तच हाणत होते. आईच्या आंबोळ्याही पुन्हा चाळीतल्यासारख्या जाळीदार व्हायला लागल्या होत्या. मी म्हटलं, "आई, हात काय बसलाय तुझा या घरात!" आई हसली आणि विषय बदलला.

आणि नेमक्या अशा सुखाच्या काळात कॉम्प्युटर मरायला लागला.

शहरातल्या टीमांची स्पर्धा सुरू होती. पहिल्या सामन्यात शेवटच्या फेरीला मी "चला!" म्हणाले आणि स्क्रीन गेली. चौघे माझ्याविना कसेबसे जिंकले.

"पॉवर सप्लाय," मी शांतपणे निदान केलं. नवा बसवला. पुढच्या शनिवारी पुन्हा गेला.

"बिल्डिंगचं वायरिंग," मी तितक्याच शांतपणे म्हणाले. इलेक्ट्रिशियन आला, टेस्टर लावून म्हणाला, "मॅडम, लाइन एकदम ओके." मी त्याच्याकडे दयेने बघितलं. त्याला काय कळणार!

मग मी प्रोसेसरवरचा पंखा काढून त्याखालची, उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट पुसली, नवी लावली आणि बुधवारी दोन तास जोरात खेळून बघितलं. मशीन बर्फासारखं! टीमला मेसेज टाकला: प्रॉब्लेम सॉल्व्ह झालाय, कॅप्टनवर विश्वास ठेवा. शनिवारी सेमी-फायनलला कॅप्टन विश्वासासकट गायब झाली. आधीच्या सामन्यांसारखी तीही चौघांनी कशीबशी जिंकली.

आजोबांचं निदान सगळ्यात सोपं होतं. ते मिलमध्ये स्पिनिंगला होते, आणि तो मोठा संप अजून कुणी रीतसर मागे घेतलेला नाही, असं ते आजही सांगतात. (घरी त्यावर कुणी वाद घालत नाही. मी तर नाहीच.)

"चेडवा, ह्यो संपावर गेलो. मागणी काय तां इचार."

"आजोबा, त्याला मागणी नसते. टेम्परेचर असतं."

"मगे तापलो आसतलो. तापलेल्या कामगाराक डिवचू नुको. शनिवारचो हाफ डे दी त्येका."

मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात ओंकारचा फोन आला. फोनवर तो नेहमी हळू बोलतो, पण आज जरा जास्तच.

"कॅप्टन, रागवू नकोस. फायनलला तू परत गेलीस ना, तर नियमाने आपली टीम बाद. सगळे म्हणतायत, राखीव प्लेयरला घेऊ या का?"

मी म्हटलं, "मी जाणार नाही."

"नक्की?"

"नक्की."

आवाज ठाम होता, मशीनची खात्री नव्हती. जगात एकच जागा होती जिथे मी तोंड उघडलं की माणसं हलायची. ती गेली, तर उरलेला आठवडा मी पुन्हा फक्त "नमस्कार" म्हणणार होते.

फायनलचा शनिवार उजाडला. आई सकाळपासून माझ्याहून जास्त उत्साहात होती. दुपारी परब काकू काहीतरी झाकून घेऊन आल्या आणि थेट स्वयंपाकघरात गेल्या. मला बघून अंगठा वर केला. "भरपूर खेळ हं, सई!" अख्खा मजला माझ्या पाठीशी उभा होता!

संध्याकाळी सामना सुरू झाला. या वेळी स्क्रीनच्या कोपऱ्यात मी तापमानाचा आकडा लावून ठेवला होता. पहिली फेरी जिंकलो. आकडा सत्तर. दुसरी हरलो. आकडा पंच्याऐंशी. कॉम्प्युटरचे पंखे असे घोंघावू लागले, की विमान उडेल. शेवटच्या फेरीआधी पाच मिनिटांची सुटी झाली, आकडा चौऱ्याण्णव, आणि शंभराला तो मरणार हे मला ठाऊक होतं. मी मागे हात घालून बघितला. हवा बाहेर जातच नव्हती! बोटं जाळीतून थोडी पुढे गेली आणि कशाला तरी लागली. मऊ. गरम. लोकरीचं.

मी ताडकन उठले, हेडफोनसकट पार्टिशनला वळसा घालून स्वयंपाकघरात गेले.

जाळीला चिकटून तीन टोप ओळीने बसले होते. एकाला आजोबांचा मफलर, एकाला माझा कॉलेजचा स्वेटर, आणि सगळ्यात मोठ्याच्या डोक्यावर आजोबांचीच माकडटोपी! वरून घोंगडी, तिची टोकं जाळीच्या चौकटीत नीट खोचलेली. शेजारी पाटावर परब काकू, बाळंतिणीपाशी बसावं तशा.

"आई! हे काय आहे?"

"हळू!" काकू दबक्या आवाजात म्हणाल्या. "पीठ बसेल."

"कसलं पीठ?"

"आंबोळीचं," आई म्हणाली. "अगं, या वाऱ्यात पीठ येतच नव्हतं. तुझ्या त्या जाळीतून काय सुंदर ऊब येते! आधी एकच टोप ठेवायचे. मग काकूंनी एक आणला, आज त्यांचे दोन. मिटक्या मारत खात होतीस ना दर रविवारी?"

माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. नको होता, तरी पडला.

"म्हणजे तू मला खेळ, खेळ म्हणायचीस ते..."

आईने टोपावरचा मफलर सारखा केला आणि म्हणाली, "तुझं मनही रमत होतंच की."

"मारामारीच्या गेमला पीठ दुप्पट फुगतं," काकूंनी माहिती पुरवली.

"उचला हे सगळं! आत्ताच्या आत्ता! माझी फायनल आहे!"

"आणि माझ्या पूजाचं उद्या डोहाळजेवण आहे!" काकू उठून उभ्या राहिल्या. "पोरगी चार दिवस आंबोळी-आंबोळी करतेय. पंचवीस माणसं जेवायला! आत्ता कुठे बुडबुडे धरलेत, आणि तू उचला म्हणतेस?"

तेवढ्यात माझ्या कानात ओंकारचा आवाज आला. "कॅप्टन... आंबोळी म्हणजे घावनच ना?"

माइक चालू होता. अनोळखी आवाजात कुणीतरी म्हणालं, "नाही रे, घावन वेगळं." तो समोरच्या टीमचा होता.

काठी टेकत आजोबा दारात आले. त्यांनी टोपांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, घोंगडीकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक वर्षांचं तेज आलं.

"गप! दोनय पार्टी गप ऱ्हवा. काम कोणाचाच बंद पडूचा नाय. घोंगडी काढा. मफलर, टोपी, सगळा काढा. टोप थंयच ऱ्हवतले, पण जाळीपासून एक वीत लांब. मान्य?"

मी काकूंकडे बघितलं. काकूंनी माझ्याकडे.

"मान्य," आम्ही दोघी म्हणालो.

"संप मिटलो," आजोबा म्हणाले आणि तिथल्याच खुर्चीत बसले. इतकी वर्षं वाट बघून अखेर एक तरी मिटला होता. त्यांनी माकडटोपी मात्र परत मागून घेतली.

मी धावत जागेवर आले. आकडा नव्वद. ऐंशी. पंचाहत्तर. शेवटची फेरी सुरू झाली आणि लाजायला वेळच उरला नाही. "उजवीकडे! ओंकार, जिना धर! आता नाही, आता नाही... आता!" आतून काकूंचं समालोचन चालू होतं, "फुगतंय! फुगतंय!" त्याने आमच्यापेक्षा समोरची टीम जास्त गोंधळली असावी. आम्ही बघता बघता जिंकलो. कानात चौघे किंचाळत होते. मी विजयाने दोन्ही हात वर केले आणि मागे वळले. आई दारातच उभी होती.

"जिंकले!"

"संपली?" आईचा चेहरा पडला. "इतक्या लवकर? बंद नको हं करूस, अजून अर्धंच वर आलंय."

आणि मग शहराची विजेती कॅप्टन पुढचे दोन तास रिकाम्या भिंतीवर गोळ्या झाडत बसली. मशीन एकदाही बंद पडलं नाही.

दुसऱ्या दिवशी डोहाळजेवणाला आंबोळ्या अशा झाल्या, की पूजाने सात खाल्ल्या. काकूंनी मला हाताला धरून हॉलच्या मधोमध उभं केलं. पंचवीस जणी माझ्याकडे बघू लागल्या.

"पीठ हिच्यामुळे आलं हो!"

एका मावशींनी नेहमीसारखं आईला विचारलं, "ही बोलते का?"

आई उत्तर देणार, एवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "पुढच्या शनिवारी आमचाही टोप ठेवाल का हो?" आणि हेडफोन नसतानाही माझ्या तोंडून कॅप्टनचा आवाज बाहेर पडला.

"ठेवू. पण टोपाला काही गुंडाळायचं नाही, जाळीपासून एक वीत लांब, आणि दुपारी चारच्या आत आणून द्यायचं. उशीर झाला तर जबाबदारी तुमची!"

मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या, आणि मी अर्धा तास, न अडखळता, पंचवीस अनोळखी बायकांशी गप्पा मारल्या. चोवीस वर्षं मी उगाच समजत होते की मला बोलता येत नाही. विषय पिठाचा काढायचा असतो, हे इंग्लिश मीडियमला कुणी शिकवलंच नव्हतं!