तियानाची बाळगाडी

अर्ध्या ढोबळ्या मिरच्या सोलून झाल्या होत्या, अर्ध्या भाजून पातेल्यात झाकून ठेवल्या होत्या, तेवढ्यात ग्रोझदानाचा फोन वाजला. तिचे हात कोपरापर्यंत काळ्या सालांनी माखलेले.

"अगं, बघ ना कोण आहे ते."

मी एप्रनला हात पुसून फोन घेतला. बसचा ड्रायव्हर होता. चाचाकहून पाठवलेली बाळगाडी नीशला बस बदलून चार वाजता आमच्या पिरोतला पोचत होती. "डिकीत मावेना, दोन म्हाताऱ्यांच्या पिशव्या मांडीवर द्याव्या लागल्या," तो करवादला. "वेळेवर या, नाहीतर मी घेऊन जातो सीमेपलीकडे बल्गेरियाला."

"मिरच्या काही पळून जात नाहीत," म्हणत ग्रोझदानाने हात नळाखाली धरले.

ती आणि मी भिंतीला भिंत लागून राहतो. एकतीस वर्षं तिने बालवाडीत स्वयंपाक केला. गावातली निम्मी तरुण मंडळी तिच्या हातचं सूप सांडत मोठी झाली. आमच्याकडे बाळ जन्मायच्या आधी त्याची एकही वस्तू घरात आणत नाहीत, पायमोजासुद्धा नाही. पण बाळ दवाखान्यातून आलं की सगळं त्याच दिवशी लागतं, आणि दुकानातली नवी गाडी घ्यायची तर महिन्याचा पगार जातो. म्हणून दिवस गेलेल्या मुली ग्रोझदानाकडे येतात. ती नाकावर चष्मा ओढून फोनवर जुन्या वस्तूंच्या जाहिराती चाळते, मागवते, धुते, उकळते, आणि बाळ येईपर्यंत आपल्या मागच्या खोलीत ठेवते. तिचा नवरा रातोमिर म्हणतो, "घरात चार पाळणे आहेत, आणि मला दुपारी आडवं व्हायला जागा नाही."

किंमत ती शेवटी विचारते. आधी विचारते, बाळाचं नाव काय, आता केवढं झालंय. जी बाई त्यावर पानभर लिहिते, दात कधी आले, मांजराची शेपटी कशी ओढतो, तिच्याकडून ती वस्तू घेते. आणि घेणारीला ते सगळं सांगते. "यातून उरोश हिंडलाय हो. आता शाळेत जातो. नाक फार गळतं, पण हुशार आहे."

ही गाडी तियानासाठी होती. तियाना कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात बसते. दोन वर्षांपूर्वी तिने आणि तिच्या नवऱ्याने कुणाचं ऐकलं नव्हतं. खोली रंगवली, पाळणा जोडला, खिडकीला कागदी ससे लावले. बाळ राहिलं नाही. दवाखान्यातून रिकाम्या हातांनी येऊन तिला ते ससे बघावे लागले. आता पुन्हा नववा लागला होता आणि तिने ग्रोझदानाकडे एवढंच मागितलं होतं, "मावशी, जिथलं मूल धडधाकट आहे, अशाच घरातली आण."

विकणारी होती यागोदा नावाची. नेहमीच्या प्रश्नाला तिचं उत्तर आलं होतं, "मुलगा. दोन वर्षांचा. बरा आहे." बस्स. ग्रोझदानाला तेव्हाच खटकलं होतं. पण गाडी देखणी होती आणि दिवस थोडे राहिले होते.

बसथांब्यावरून निघताना ग्रोझदानाने बेकरीतून एक मोठा पाव घेऊन गाडीत ठेवला. रिकामी बाळगाडी ती कधी ढकलत नाही. पुलावर भाजीवाल्याने हटकलंच, "काय ग्रोझदाना, मुलगा की मुलगी?"

"मुलगा. बापावर गेलाय. वरून भाजलेला, आतून कच्चा!"

मागच्या खोलीत तिने गाडी आडवी केली, चाकं धुवायला. आणि हात थांबला. टायरच्या कडांना नव्या रबराचे बारीक केस तसेच होते. पट्ट्यांच्या आत कारखान्याचं कागदी लेबल अजून टाचलेलं. तिने माझ्याकडे पाहिलं.

हात ओले होते म्हणून तिने फोन मोठ्या आवाजावर लावून खिडकीत ठेवला.

"यागोदाबाई, मी पिरोतहून ग्रोझदाना. गाडी पोचली. छान आहे."

"बरं झालं."

"एक विचारू का? रागावू नका. यात कुणी बसलंच नाही ना?"

तिकडे टीव्ही चालू होता, तो बंद झाला.

"नाही," ती म्हणाली. "सहा तास होता तो." मग घाईघाईने, "मी आधी खरं तेच लिहायची हो. दोघींनी 'नको गं बाई' म्हणून फोन ठेवला. एकीने तर पुन्हा फोनच उचलला नाही. तुम्ही नाव विचारलंत, मला बरं वाटलं, आणि मी काहीतरी लिहून बसले. पैसे परत करते."

"पैशांचं राहू द्या," ग्रोझदाना म्हणाली. "जेवलात का तुम्ही?"

फोन ठेवल्यावर मात्र ती धपकन खुर्चीत बसली.

मी म्हटलं, "तियानाला सांगू नकोस. मी चर्चमधून पवित्र पाणी आणते, चारी चाकांवर शिंपडते, झालं. वस्तूचा काय दोष?"

"पाणी आण तू. पण तिने विचारलं, मुलाचं नाव काय, तर कुणाचा मुलगा पुढे करू?"

"आणि सांगितलंस, नि ती हबकली तर? तीन आठवडे राहिलेत, ग्रोझदाना!"

"तेच तर," ती म्हणाली. "तेच तर."

संध्याकाळी मी देवमातेपुढे दिवा लावला. दुसऱ्या दिवशी तिच्या जन्माचा सण होता. मी मागितलं ते एवढंच, की त्या पोरीला जे कळेल ते सोसता यावं.

सणाच्या सकाळी तियाना चर्चमधून परस्पर आली, कमरेला हात लावत. ग्रोझदानाने कॉफी ठेवण्याआधीच, उभ्या उभ्या, सगळं सांगून टाकलं. शेवटी म्हणाली, "दुसरी शोधते मी. आजच बसते. तू काळजी करू नकोस."

तियाना वळली. मागच्या खोलीच्या दारापर्यंत गेली, आजवर कधी गेली नव्हती. तिथेच चौकटीला टेकून म्हणाली, "मावशी, माझा तो पाळणा आठवतो? लेस्कोवात्सच्या एका बाईला विकला मी. तिनेही विचारलं होतं, बाळ मोठं झालं का म्हणून. मी हो म्हटलं."

ग्रोझदाना तिच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"तेव्हापासून रोज मनात यायचं, तिचं बाळ नीट झोपत असेल ना. मी पाप केलं की काय. आणि गेल्या महिन्यात तिने आपणहून फोटो पाठवला. पाळण्यात मावत नाही इतका जाड्या झालाय. एक पाय बाहेर." ती हसली आणि हसता हसताच डोळे भरून आले. "आता मीच ही गाडी नको म्हणू? लाव गं तो नंबर."

"आत्ता? अगं, बस तरी आधी."

"बसले. लाव."

आम्हाला एकाच बाजूचं ऐकू येत होतं. "मी तियाना... हो, माझ्यासाठीच... नाही, मला सांगितलंय सगळं... माझाही असाच. दोन वर्षं झाली." मग बराच वेळ ती नुसती हं हं करत होती, एका हाताने पोट चोळत. "काय नाव ठेवणार होतात? लाझार? छान आहे." मग, "नाही नाही, ती ठेवा. तुमच्याकडेच ठेवा. मी सुद्धा एक टोपी ठेवलीये."

फोन ठेवून तिने नाक पुसलं. "आतली छोटी गादी त्यांनी पाठवली नाही म्हणून माफी मागत होत्या. द्यायला धीरच झाला नाही म्हणाल्या."

"मी म्हटलंच, गादी कुठे गेली!" ग्रोझदाना म्हणाली. "बरं, किती लांब आहे आतून, बघू." तिने शिवणाच्या डब्यातून टेप काढली, गुडघे टेकून माप घेतलं, मला वहीच्या कोऱ्या पानावर लिहायला लावलं. मग आम्ही दोघींनी मिळून तियानाला कॉफी पाजली.

सणाच्या दिवशी दुकानं बंद होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रोझदानाला बाजारात जायचं होतं, गादीसाठी दीड मीटर पांढरं सुती कापड आणायला.