हो, मीच केला हात वर

आमच्या नगरसेविका सुनंदाताई पुन्हा निवडणुकीला उभ्या आहेत. परवा त्या प्रचाराला गल्लीत आल्या, तेव्हा मी शिंदेमामांच्या किराणा दुकानात साबुदाणा घेत होतो. त्या दुकानाशी थांबल्या, तसं मामांनी तराजूवरची नजर न काढता त्यांना विचारलं, "शाळेसमोरची ही गल्ली गाड्यांना बंद करायची ठरली, तेव्हा पालिकेच्या सभेत तुम्ही हात वर केला होता ना?"

सोबतचा कार्यकर्ता घाईने म्हणाला, "मामा, तो प्रशासनाचा निर्णय..."

"नाही हो," ताईंनी त्याला थांबवलं. "मीच केला हात वर. तुमचं गाडीवालं गिऱ्हाईक तुटणार, हे ठाऊक होतं. पण शाळा सुटली की पोरं गाड्यांमधून वाट काढायची, ते बघवत नव्हतं."

मला एकदम मोकळं वाटलं. 'मीच' हा शब्द फुशारकीशिवाय ऐकून किती दिवस झाले होते! ऑफिसच्या बैठकीत मी शेजारच्याचा हात बघून आपला वर करतो आणि कुणी विचारलंच, तर "सगळ्यांचं तसं ठरलं" म्हणून सुटतो.

"माझं मत तुम्हाला नाही," मामा म्हणाले.

"नका देऊ. पण राग माझ्यावरच धरा, शाळेतल्या पोरांवर नको."

मामांना हसू आवरेना. त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. "बसा. गल्लीच्या तोंडाशी दुकानाची पाटी लावायचीय. त्याला तरी पाठिंबा द्याल?"

"अर्ज द्या," बसता बसता ताई म्हणाल्या, "वाचते. पटला तर देईन."