चुकीच्या चढ-उताराखाली आमच्या गौरीचं नाव

चौगुलेसाहेब, तुमचा गुडघा बरा आहे ना?
भिसेसाहेब, तुमची शुगर?
मॅनेजरमॅडम, पाठ काय म्हणते?

तुम्ही ठणठणीतच असणार.
आमची गौरी जाऊन आज वर्ष झालं.

मी तिचा मामा. नळदुर्गला हायवेवर माझं टायरचं दुकान आहे.

गौरी तुमच्या कंपनीत रेल्वेलाईनचा डेटा तपासायची. रूळ कुठं चढतो, कुठं उतरतो, ते.

एकदा मी म्हटलं, "चढ तो चढ. त्यात तपासायचं काय, गं?"

तिनं दुकानातली फळी एका बाजूनं विटेवर टेकवली.
"मामा, तुमच्याकडनं काय दिसतं?"
"चढ."
"आन् माझ्याकडनं उतार. म्हणून पाट्यांवरचे किलोमीटर जिकडं वाढतात, तिकडं तोंड करूनच लिहायचं. नियमच आहे तसा."

एवढी साधी गोष्ट.

पण तुमची एक टीम या टोकाकडनं मोजत निघाली. दुसरी पार पलीकडनं, कारण तिकडच्या ढाब्यावर मटण लई झणझणीत!
ज्यानं त्यानं आपल्या नाकासमोरचा चढ लिहिला. तुम्ही दोन्ही तुकडे गोधडीसारखे जोडले.
निम्मी लाईन उलटी.

गौरी म्हणाली, सुलटी करा, तोवर मी अप्रूव्ह करणार न्हाय.

चौगुलेसाहेब, तुम्ही हसलात. "मॅडम, सिस्टीमनं फाईल घेतली ना? मग झालं!"

"सिस्टीम घेईल हो. याच डेटावर नवे ड्रायव्हर गाडी चालवायला शिकणार. चढ समजून मालगाडी उताराला लागली, तर ती कोण आवरणार? तुम्ही?"

दुसऱ्या दिवशी तुम्ही तिघांनी मिळून तिचं काम काढून घेतलंत.
पुढं साधा ताप आला, आन् पोर हातातनं गेली.

आज सकाळी तुमची पोस्ट बघितली. हार घातलेला फोटो.
"लाईनचा डेटा पूर्ण. अंतिम मान्यता : कै. गौरी मॅडम."

जिवंतपणी तिनं मान्यता दिली न्हाय, म्हणून मेल्यावर घेतली व्हय?
थू तुमच्या त्या हारावर.

तिच्या मैत्रिणीला फोन केला. म्हणाली, "मामा, अजून सगळं तसंच उलटं आहे."

आन् माझी बहीण ती पोस्ट गल्लीभर दाखवत फिरतेय. "बघ दादा, माझ्या लेकीचं नाव केवढं मोठं केलं त्यांनी!"
तिला मी काय सांगू?

निम्मी लाईन सुलटी करा, मग तिचं नाव खुशाल ठेवा.
जमत नसेल, तर नाव आजच्या आज काढा.
काय करताय ते इथंच खाली लिहा. लवकर लिहा, वाट बघतोय.

गौरे, तू नीज आता, बाळा.
भांडायला तुझा मामा आहे.